100 पैकी 82, पण अर्जच करता येत नाही

मामांच्या दुकानात काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये एक स्पायरल बाइंडिंगची फाईल पडून आहे. 14 पानं. वर माझ्या मामेबहिणीचं नाव, कोपऱ्यात एका कन्सल्टन्सीचा लोगो आणि मधोमध हिरव्या गोलात भला मोठा आकडा: 82. त्याखाली लिहिलंय, "स्ट्राँग कँडिडेट". या फाईलसाठी मामांनी 18,000 रुपये मोजले. खानापूर तालुक्यात छोटं हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या माणसाला 18,000 म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

आक्का कर्नाटकातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एमबीबीएस झालं की अमेरिकेत जाऊन एमडी-पीएचडी करायचं, असं तिनं ठरवलं होतं. डॉक्टरही व्हायचं आणि प्रयोगशाळेत संशोधनही करायचं, दोन्ही पदव्या एकाच कोर्समध्ये. आपली तयारी कितपत आहे हे कुणीतरी तटस्थपणे सांगावं म्हणून ती त्या कन्सल्टन्सीकडे गेली होती. तसं वाटणं चुकीचं नाही. मलाही वाटलं असतं.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. पेशी, प्रथिनं यातलं मला काही कळत नाही, पण नियमावली वाचायची खोड आहे. दिवाळीत मामांकडे गेलो तेव्हा जेवणं झाल्यावर आक्कानं ती फाईल पुढे टाकली आणि म्हणाली, "बघ की गा, खरं वाटतंय काय तुला?" मी मोबाईलवर चार-पाच विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी उघडल्या. तासाभरात चित्र स्पष्ट झालं. आक्काला त्यातल्या एकाही ठिकाणी अर्जच करता येत नव्हता. कमी गुणांचा प्रश्नच नव्हता, ती त्या रांगेत उभीच राहू शकत नव्हती. आणि फाईल सांगत होती 82.

आधी हा कोर्स म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जात नाहीत. चार वर्षांची साधी पदवी घ्यायची, मग एमकॅट नावाची परीक्षा द्यायची आणि मग मेडिकल स्कूल. एमडी-पीएचडीवाले साधारण दोन वर्षं मेडिकल शिकतात, मग तीन-चार-पाच वर्षं पीएचडी करतात, मग परत येऊन वॉर्डातली दोन वर्षं पूर्ण करतात. सगळं मिळून सात ते नऊ वर्षं. त्यानंतर रेसिडेन्सी वेगळी. 1964 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनं, म्हणजे एनआयएचनं, यासाठी सरकारी निधी द्यायला सुरुवात केली. वॉर्डातला रुग्ण आणि प्रयोगशाळेतलं टेबल या दोन्हीकडची भाषा कळणारी माणसं हवीत, हा त्यामागचा विचार. या कोर्समध्ये सहसा फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. तिथं नुसत्या एमडीच्या चार वर्षांचा खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे सहज जातो, त्यामुळे ही सवलत किती मोठी आहे ते ध्यानात येईल.

पण सरकारी निधी आला की सरकारची अटही येते. एनआयएचच्या या प्रशिक्षण निधीतून विद्यावेतन मिळायला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम रहिवासाचं ग्रीन कार्ड लागतं. काही खासगी विद्यापीठं स्वतःच्या पैशातून मोजके परदेशी विद्यार्थी घेतात, पण तिथंही बहुतेक ठिकाणी अमेरिकेतली किंवा कॅनडातली पदवी, निदान तिथलं वर्षभराचं शिक्षण तरी मागतात. शिवाय हा कोर्स अजून डॉक्टर न झालेल्यांसाठी आहे. एमबीबीएस झालेल्यानं पुन्हा मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाला बसायचं, हे त्या रचनेतच नीट बसत नाही. यातली एक ओळसुद्धा त्या 14 पानांत नव्हती. तिसऱ्या पानावर मात्र "लीडरशिप" या सदराखाली तिला 10 पैकी 9 दिले होते, कारण ती गॅदरिंगची सेक्रेटरी होती.

खरं सांगायचं तर हा प्रकार आपल्याकडच्या पोरांच्या बाबतीत व्हायला नको होता. पात्रता आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला जितकं लहानपणापासून कळतं तितकं पुण्या-मुंबईच्या पोरांना कळत नाही. 865 गावांच्या यादीत आपलं गाव आहे काय, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आहे काय, महाराष्ट्राच्या मेडिकल प्रवेशात सीमाभागाच्या त्या थोड्याशा राखीव जागांसाठी कुठला कागद लागतो. आणि इकडे कर्नाटकाच्या कोट्यासाठी सात वर्षं इथल्या शाळेत शिकल्याचा पुरावा कुठून आणायचा. आक्कानं स्वतः नीटच्या वेळी हे सगळं केलंय. मार्क बघायच्या आधी कागद बघायचे, हे आमच्या घरात मामींना सुद्धा पाठ आहे. पण समुद्रापलीकडचं काही म्हटलं की आपली ही सवय कुठं जाते कुणास ठाऊक. इंग्रजीत छापलेला, रंगीत गोलातला आकडा दिसला की आपण गप्प बसतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. माझ्या आत्याची मुलगी ओहायोत वाढली, तिथलीच नागरिक आहे, तिथंच बायॉलॉजीची पदवी संपवतेय. तिलाही एमडी-पीएचडीच करायचंय. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी (आते-मामे म्हणा), एकच स्वप्न, आणि त्यांच्यात फरक पासपोर्टचा. मी तिला व्हिडिओ कॉल लावला तो आक्काच्या कामासाठी, पण निघालं भलतंच. ती म्हणाली, "मी यंदा अप्लाय करतच नाहीये. माझा एमकॅट 511 आला."

511 म्हणजे काय? एमकॅटचे गुण 472 ते 528 यांच्या मध्ये असतात आणि सगळ्या परीक्षार्थींची सरासरी 500 च्या आसपास येते. म्हणजे 511 वाईट नाहीच. पण एमडी-पीएचडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी साधारण 516 असते आणि पदवीचा जीपीए 4 पैकी 3.8 च्या आसपास. हे आकडे अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी उघडपणे छापते. पोरीनं ते वाचले आणि ठरवलं की आपण बाद.

तर एकीकडे 82 या आकड्यावर विसंबून दार नसलेल्या भिंतीकडे निघालेली आक्का, दुसरीकडे 511 या आकड्यामुळे उघड्या दारातून मागे फिरलेली ही. दोघींचा अंदाज चुकला तो एकाच कारणानं.

सरासरी म्हणजे कटऑफ नव्हे. हे वाक्य मी तिला तीनदा ऐकवलं. 516 सरासरी आहे याचा अर्थच असा की प्रवेश मिळालेल्यांपैकी बरेच जण त्याच्या खाली आहेत. आपल्या डोक्यात मात्र नीट बसलेली आहे. नीटमध्ये रँक लागते, रँकवर कॉलेज मिळतं, एका मार्कानं जिल्हा बदलतो. 2024 ला 23 लाखांहून जास्त मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखभराच्या थोड्या वर. एवढ्या गर्दीत माणसं निवडायची तर रँकशिवाय दुसरा उपाय काय, हे मलाही मान्य आहे. पण एमडी-पीएचडीचे अर्जदार वर्षाला दोन हजारांच्या आतबाहेर आणि प्रवेश सातशेच्या आसपास. तिथं माणूस बसून अर्ज वाचतो.

(तीनात एकाला मिळतं म्हणजे सोपं आहे, असा हिशोब कुणी करू नये. ते दोन हजार आधीच गाळून आलेले असतात. ज्यांना जमणार नाही असं वाटतं ते अर्जच करत नाहीत.)

मग वाचणारा माणूस बघतो काय? अमेरिकेतल्या मेडिकलच्या सामायिक अर्जात एमडी-पीएचडीवाल्यांना नेहमीच्या निबंधाशिवाय आणखी दोन निबंध लिहावे लागतात. दोन्ही पदव्या कशाला हव्यात, यासाठी 3,000 अक्षरांची मर्यादा. आणि आजवर केलेल्या संशोधनाविषयी लिहायला 10,000 अक्षरं. कशाला किती वजन आहे ते या मर्यादांवरूनच कळतं. कुठल्या प्रयोगशाळेत किती काळ काम केलं, प्रश्न कुठला होता, तुझ्या हातून त्यात नेमकं काय झालं, उत्तर काय निघालं. मग ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांची पत्रं. मुलाखतीत समोर बसलेला प्राध्यापक याच कामाबद्दल खोदून विचारतो. छापील शोधनिबंध असलाच पाहिजे असा नियम नाही, पुष्कळ जणांचा नसतो. पण स्वतःचं काम स्वतःला कळलेलं नसेल तर पाच मिनिटांत उघडं पडतं.

आत्याच्या पोरीला मी विचारलं, तुझं संशोधन काय आहे. ती 25 मिनिटं बोलली. अडीच वर्षं ती एकाच लॅबमध्ये आहे. आधी आठ महिने तिचा प्रयोग चाललाच नाही. का चालला नाही हे तिनं कसं शोधलं, मग पद्धत कशी बदलली, त्यातून जो निकाल आला तो अपेक्षेच्या उलटा कसा होता, हे सगळं ती मला, राज्यशास्त्राच्या पोराला, कळेल अशा मराठी-इंग्रजीत सांगत होती. मध्येच तिचा आवाज चढला, कारण कुणीतरी तिच्या निकालावर शंका घेतली होती आणि ती शंका कशी चुकीची आहे हे तिला मला पटवायचं होतं. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण ही पोरगी स्पर्धेत आहे एवढं कळलं. तिच्या प्राध्यापकांनीही तिला अर्ज कर म्हणून सांगितलं होतं. ती त्यांचं ऐकत नव्हती, तक्त्याचं ऐकत होती.

मग तोच प्रश्न आक्काला. ती शेजारीच बसून ऐकत होती. तिच्या फाईलमध्ये "रिसर्च एक्स्पीरियन्स" खाली 10 पैकी 8 होते. मी म्हटलं, "आक्का, तुझा प्रश्न काय होता?" ती जरा थांबली. मग खरं बोलली. एका वरिष्ठ डॉक्टरांच्या पेपरसाठी तिनं शंभरेक रुग्णांच्या केसपेपरवरची माहिती एक्सेलमध्ये भरली होती. पेपरवर तिचं नाव सहाव्या नंबरला आहे. प्रश्न काय होता ते तिला आत्ता आठवत नव्हतं. "तसं विचारलंच नाही गा कुणी," ती म्हणाली.

यात तिला कमी लेखायचा माझा हेतू नाही, कारण इथं मुद्दा राजकारणाचा आहे. अडीच वर्षं एका लॅबमध्ये काम करायला आधी लॅब लागते, पोराला वेळ देणारा गाईड लागतो आणि घरात पैसे मागायला न लागता उन्हाळा घालवता आला पाहिजे. अमेरिकेतसुद्धा हे सगळ्यांना मिळत नाही. ज्यांच्या घरी आधीच डॉक्टर-प्रोफेसर आहेत, जी पोरं मोठ्या संशोधन विद्यापीठात शिकतात, त्यांना दुसऱ्या वर्षालाच लॅबचं दार माहीत असतं. बाकीच्यांना ते चौथ्या वर्षी कळतं. म्हणून तिकडे अनेक जण पदवीनंतर एक-दोन वर्षं लॅबमध्ये पगारी सहायक म्हणून काम करतात आणि मग अर्ज करतात. म्हणजे ज्याला आपण स्पर्धेतली ताकद म्हणतो त्यात तुमच्या हुशारीचा वाटा किती आणि तुम्हाला कुणी आत घेतलं याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. सीमाभागातल्या पोराला तर चांगला गाईड मिळायच्या आधी कुठल्या भाषेत दार वाजवायचं हाच प्रश्न असतो.

पण एवढं बोलून थांबलं की ते निमित्त होतं, हेही मला कबूल केलं पाहिजे. आक्काच्या कॉलेजात एक प्राध्यापिका खरोखर संशोधन करतात. तीन वर्षांत आक्का त्यांना एकदाही जाऊन भेटली नव्हती. का, तर वशिला लागतो असं तिनं ऐकलं होतं.

मला त्या कन्सल्टन्सीचा राग येतो तो 18,000 साठी नाही. ज्या गोष्टीला गुण देता येत नाहीत तिला त्यांनी गुण दिले, आणि जी गोष्ट हो की नाही इतकी साधी होती ती सांगितलीच नाही. माझा एक मित्र म्हणतो, "जाऊ दे की, पोरगी स्वप्न बघतेय, नियम सांगून कशाला मोडतोस?" मला हे अजिबात पटत नाही. गरीब घरातल्या पोरांना नियम उशिरा कळतात, तेच त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान. आक्काला आता तिसऱ्या वर्षी कळलं म्हणून हातात अजून वेळ आहे. इंटर्नशिप संपल्यावर कळलं असतं तर?

आणि मुळात ही एकच पदवी म्हणजे डॉक्टर-संशोधक होण्याचा एकच रस्ता, हे कुणी सांगितलं? एमआरएनए लशीच्या पायाभूत कामासाठी 2023 चं नोबेल मिळालेले ड्र्यू वाइसमन यांनी एमडी आणि पीएचडी दोन्ही केलं, बोस्टन युनिव्हर्सिटीतून. पण कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी 1985 चं नोबेल घेणारे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन दोघेही नुसते एमडी. संशोधन ते नंतर एनआयएचमध्ये शिकले. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात तरुण डॉक्टरांना सैन्यात जाण्याऐवजी तिथं काम करण्याचा पर्याय होता, म्हणून तिथं जायला डॉक्टरांची रीघ लागायची. सरकारी धोरणानं शास्त्रज्ञ कसे घडतात याचं हे उदाहरण आमच्या वर्गात शिकवायला हवं.

आपल्याकडचे यल्लाप्रगडा सुब्बाराव बघा. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना खादी घालायचे, इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी खालच्या दर्जाची एलएमएस पदवी हातात आली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. ते पुढे हार्वर्डला गेले आणि 1930 मध्ये तिथून पीएचडी झाले. आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तर पीएचडीच्या वाटेला गेलेच नाहीत. कोकणात विंचू चावून माणसं मरत होती. का मरतात, हा प्रश्न त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेशेजारी पडला. प्राझोसिन या औषधानं मृत्यू कमी होतात हे त्यांनी दाखवलं आणि ते काम "लॅन्सेट"मध्ये छापून आलं. त्यांच्याकडे प्रश्न होता. त्या रात्री आक्काकडे नव्हता.

आक्कासाठी कुठले रस्ते उघडे आहेत ते आम्ही मामांच्या बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिलं. एमबीबीएसवाल्यांना सीएसआयआर-नेट देता येते, म्हणजे भारतातच फेलोशिप घेऊन पीएचडीला जाता येतं. आधी इथं एमडी करून मग पीएचडी हाही एक रस्ता. अमेरिकेतच जायचं असेल तर नुसत्या पीएचडीला अर्ज करता येतो, किंवा यूएसएमएलई देऊन रेसिडेन्सी आणि त्यातच संशोधनाचा वेगळा मार्ग. (त्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण 2022 पासून देतच नाहीत, फक्त पास किंवा नापास. तर पोरं आता दुसऱ्या टप्प्याच्या गुणांमागे लागलीत.) आणि सगळ्यात जवळचं म्हणजे आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची एसटीएस योजना. 1979 पासून आहे. एमबीबीएसच्या मुलांनी आपल्याच कॉलेजातल्या गाईडच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करायचा. प्रस्ताव स्वतः लिहायचा असतो. म्हणजे प्रश्न स्वतःला पडावा लागतो.

मामा हे सगळं ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे ते 82 कशाचे होते रे?" मला उत्तर देता आलं नाही.

आत्याच्या पोरीनं अजून ठरवलेलं नाही. तिचे प्राध्यापक म्हणतात यंदाच अर्ज कर, ती म्हणते वर्षभर लॅबमध्ये आणखी काम करून पुढच्या वर्षी करते. दोन्ही बरोबर असू शकतं. निदान आता ती 511 चं नाव काढत नाही.

आक्का दिवाळीनंतर त्या प्राध्यापिकांना भेटली. वशिला लागला नाही. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, ओपीडीत बसून तुला आजवर काय खटकलं? आक्का म्हणाली, आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या बायका साप चावल्यावर इतक्या उशिरा दवाखान्यात का पोचतात? मॅडम म्हणाल्या, पुढच्या शनिवारी एक पानभर लिहून आण. ते पान चार वेळा लिहून फाडून झालंय. काल रात्री साडेअकराला तिनं पाचवं पान मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, "इंग्रजी बघू नकोस, प्रश्न बरोबर आहे काय ते सांग."